धुराचा महसूल

१६६७ च्या सप्टेंबरमध्ये सॅम्युअल पेप्स या लंडनमधल्या सरकारी अधिकाऱ्याने आपल्या रोजनिशीत एक नोंद केली. राजाच्या खास रक्षकदलाची तुकडी लंडनबाहेर पाठवल्याचं त्याला ठाऊक होतं. कुठेतरी बंड उठलं असावं आणि ते मोडायला ती गेली असावी, असा सगळ्यांचा समज होता. प्रत्यक्षात ते घोडेस्वार विंचकम्बला गेले होते, शेतातली तंबाखू नासवायला. तिथले लोक कायदा मोडून तंबाखू लावतात, असं पेप्स लिहितो.

विंचकम्ब हे ग्लॉस्टरशायरमधलं छोटं गाव. १६१९ पासून तिथल्या शेतकऱ्यांनी तंबाखूचं पीक धरलं होतं. त्यावर कायदे झाले, दंड झाले, सैन्य आलं. १६५८ मध्ये तर शेकडो गावकरी हत्यारं घेऊन उभे राहिले आणि घोडेस्वारांना हात हलवत परत जावं लागलं. तरीही सरकारने पिच्छा सोडला नाही, आणि शतक संपता संपता तिथली तंबाखू संपली.

आज हे वाचणाऱ्याला वाटेल, वा, साडेतीनशे वर्षांपूर्वी एका सरकारने हे विष मुळापासून उपटायचा प्रयत्न केला! पण त्याच महिन्यांत लंडनच्या बंदरात अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीहून आलेली तंबाखू जहाजांतून उतरत होती आणि राजाचे अधिकारी वजन करून तिच्यावर जकात घेत होते. विंचकम्बच्या पानाचा गुन्हा एवढाच होता की ते घरच्या मातीत उगवलं होतं. ते बंदरातून येत नव्हतं, म्हणून त्यावर जकात बसत नव्हती.

तंबाखू युरोपात कशी आली याच्या गमतीदार गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. सर वॉल्टर रॅलेच्या नोकराने मालकाला आग लागली समजून अंगावर पाणी ओतलं, ही त्यातली सर्वांत लाडकी, आणि बहुधा रचलेली. मला या इतिहासात विंचकम्बची गोष्ट महत्त्वाची वाटते. माणसांना पानाची चटक लागायला काही वर्षं पुरली. पण ती चटक चार शतकं टिकली, याचं मोठं कारण म्हणजे राज्यांच्या खजिन्यांनाही त्याच पानाची सवय लागली. ही गाठ सतराव्या शतकात युरोपात पडली, आणि आपण आपल्या देशात ती अजून सोडवलेली नाही.

सुरुवात क्यूबात झाली. नोव्हेंबर १४९२ मध्ये कोलंबसने रॉद्रिगो दे हेरेझ आणि लुईस दे तोरेस या दोघांना बेटाच्या आतल्या भागात पाठवलं. पूर्वेकडच्या एखाद्या बादशहाचा दरबार सापडेल अशी आशा होती. त्यांना दिसली ती हातात जळतं कोलीत आणि पानांची सुरळी घेऊन गावाकडे परतणारी साधी बाया-माणसं. बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने पुढे त्याचं वर्णन केलं. वाळलेली पानं दुसऱ्या एका वाळलेल्या पानात गुंडाळायची, एक टोक पेटवायचं आणि दुसऱ्या टोकाने धूर आत ओढायचा. त्याने अंग सुन्न होतं, थोडी नशा येते आणि थकवा जाणवत नाही, असं ते लोक सांगत.

लास कासासने याच ठिकाणी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, आणि तंबाखूच्या एकूण इतिहासातली ती मला सर्वांत मोलाची नोंद वाटते. हिस्पॅनिओला बेटावर स्थायिक झालेल्या काही स्पॅनिश लोकांना ही सवय लागली होती. हे व्यसन आहे, म्हणून कोणी रागावलं की ते म्हणत, सोडणं आता आमच्या हातात नाही. यांना यात कसली चव येते आणि कसला फायदा होतो, मला कळत नाही, असं लास कासास लिहितो. म्हणजे युरोपीय माणसाची तंबाखूशी ओळख झाली त्याच पिढीत 'सुटत नाही' हे उत्तरही लिहून ठेवलं गेलं होतं. माझे काका तळहातावर चुना-तंबाखू मळताना हेच सांगायचे, 'सुटत नाही रे.' जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना बोलताच येईना, तोवर हे वाक्य आम्ही कितीदा ऐकलं असेल. पुढच्या शतकांत डॉक्टरांनी, राजांनी आणि व्यापाऱ्यांनी तंबाखूविषयी जे काही म्हटलं, ते सगळं ही एक नोंद बाजूला ठेवून म्हटलं. माहिती नव्हती, असं म्हणायला जागा नाही.

युरोपात हे पान शिरलं ते औषध म्हणून. आंद्रे तेवे या फ्रेंच भिक्षूने १५५६ च्या सुमारास ब्राझीलहून बी आणून आपल्या आंगुलेम गावी लावलं. पण नाव झालं दुसऱ्याचं. झाँ निको हा फ्रान्सचा लिस्बनमधला राजदूत. गालावरचा चिघळलेला व्रण या पानांच्या लेपाने बरा झाल्याचं त्याच्या कानावर आलं, अशी कथा सांगतात. १५६० मध्ये त्याने हे औषध फ्रान्सच्या दरबारी धाडलं, आणि राजमाता कॅथरिन दे मेदिचीच्या आश्रयाने ते प्रतिष्ठित झालं. पुढे लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने या वनस्पतीला निकोशियाना हे शास्त्रीय नाव दिलं, आणि १८२८ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला तिच्यातलं विष वेगळं काढल्यावर त्याचं नाव झालं निकोटिन. एका राजदूताचं नाव असं कायमचं विषाला चिकटलं.

स्पेनमधल्या सेव्हिलचा वैद्य निकोलास मोनार्देस याने मात्र या पानाला खरं शास्त्राचं बळ दिलं. अमेरिकेतल्या औषधी वस्तूंवरच्या त्याच्या ग्रंथाचा दुसरा भाग १५७१ मध्ये आला. डोकेदुखी, दातदुखी, दमा, जंत, पोटशूळ, विषारी बाणाची जखम, थंडीने फुटलेली बोटं, या सगळ्यांवर तंबाखू गुणकारी असल्याचं त्याने लिहिलं. मोनार्देस अमेरिकेला कधीही गेला नव्हता. सेव्हिलच्या बंदरात उतरणारा माल, खलाशांच्या गोष्टी आणि आपली बाग, एवढ्यावर त्याचं ज्ञान उभं होतं. अमेरिकेशी चालणाऱ्या व्यापारात त्याचा स्वतःचा पैसाही गुंतलेला होता. तीन वर्षांत ग्रंथ लॅटिनमध्ये आला, १५७७ मध्ये इंग्रजीत. छापखान्याने युरोपभर नेलेली ही पहिली तंबाखूची जाहिरात म्हणता येईल.

वैद्यांनी हे मानलं कसं? त्या काळचं युरोपीय वैद्यक गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या चार रसांवर चालत होतं. प्रत्येक वस्तू उष्ण किंवा शीत, कोरडी किंवा ओली. आपल्या घरांत आजही 'हे गरम पडतं' म्हणतात, त्याच जातीचा हा विचार. तंबाखू उष्ण आणि कोरडी ठरली. उत्तरेकडच्या थंड, ओल्या देशांत सर्दी, कफ, छातीचं भरणं ही रोजची दुखणी. उष्ण आणि कोरडी तंबाखू त्यांवर बरोबर बसली. शिवाय धूर घेतला की नाक वाहतं, थुंकी सुटते, खोकल्यासरशी कफ पडतो. ओला दोष बाहेर पडताना डोळ्यांना दिसतो! सिद्धांतात एक खाना रिकामा होता आणि पान त्यात चपखल बसलं. रोग्यांचं पुढे काय झालं, हे बघत बसायची कोणाला गरज वाटली नाही.

इंग्लंडचा टॉमस हॅरियट त्या काळातल्या थोर गणितज्ञांपैकी एक. १५८५-८६ मध्ये तो उत्तर अमेरिकेतल्या रोअनोक बेटावर होता, स्थानिक लोकांची भाषा शिकला होता. १५८८ मध्ये त्याने लिहिलं की या धुराने शरीरातले मार्ग मोकळे होतात, आणि तिथले लोक त्यामुळेच निरोगी राहतात. तो स्वतः आयुष्यभर ओढत राहिला. नाकात झालेल्या, बहुधा कर्करोगाच्या, गाठीने १६२१ मध्ये तो गेला. गुरूचे चंद्र आणि सूर्यावरचे डाग दुर्बिणीतून टिपणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे. निरीक्षण कसं करायचं हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. पण जी वस्तू आपल्याला हवीहवीशी झाली आहे, तिचं निरीक्षण माणूस त्याच डोळ्यांनी करत नाही.

औषध म्हणून आलेली वस्तू चैनीची व्हायला वेळ लागला नाही. त्या काळचे इंग्रज तंबाखू 'पीत' असत. धूर ओढण्यासाठी त्यांच्या भाषेत वेगळं क्रियापद रुळलेलंच नव्हतं. (आपल्याकडेही खेड्यापाड्यांत 'विडी पिता का?' असं विचारणारी माणसं अजून आहेत.) तरीही औषधाचा मुलामा पुरता गेला नाही. १६६५ च्या प्लेगमध्ये दारांवर लाल फुल्या पाहून घाबरलेल्या पेप्सने हुंगायला आणि चघळायला तंबाखूच विकत घेतली.

आता राजाकडे येतो. १६०३ मध्ये पहिला जेम्स इंग्लंडच्या गादीवर बसला आणि पुढच्याच वर्षी त्याने तंबाखूविरुद्ध एक पुस्तिका निनावी छापली. ती राजाची आहे हे कोणापासून लपलं नव्हतं. ही पुस्तिका अर्धी दुखावते आणि अर्धी थक्क करते. दुखावते, कारण त्याचा एक मोठा मुद्दा अमेरिकेच्या मूळ रहिवाशांविषयीच्या शुद्ध तिरस्काराचा आहे: या रानटी लोकांची नक्कल आपण करायची का? अशा युक्तिवादाने कोणाचं भलं होत नाही, आणि तंबाखूविरोधकांनी तो आपला म्हणून मिरवू नये.

उरलेली अर्धी पुस्तिका मात्र आजही वाचण्यासारखी आहे. जेम्स विचारतो, हे औषध झोप येत नसेल तर झोप आणतं, आणि झोप आली असेल तर ती घालवतं, एकाच वस्तूत असे उलटसुलट गुण कसे असतील? सगळ्या माणसांचे सगळे रोग बरे करणारी वस्तू औषध कशी म्हणायची? मोनार्देसला जो प्रश्न वैद्यांनी विचारायला हवा होता, तो राजाने विचारला. पुढे तो सांगतो की खूप ओढणाऱ्या काही जणांची प्रेतं उघडली, तेव्हा आत तेलकट काजळी साचलेली आढळली. ही सवय मेंदूला अपायकारक आणि फुप्फुसांना घातक असल्याचं तो स्वच्छ लिहितो. वर्ष १६०४. काही सरदार वर्षाला तीनशे-चारशे पौंड या दुर्गंधीवर उधळतात, असंही त्याने लिहून ठेवलंय.

त्याच वर्षी त्याने कर वाढवला. एका रतलामागे, म्हणजे पौंडभर वजनामागे, जकात २ पेन्स होती. ती ६ शिलिंग १० पेन्स झाली, म्हणजे ८२ पेन्स. एका फटक्यात ४१ पट. सामान्य माणसाने या फंदात पडू नये, हा हेतू त्याने उघड सांगितला होता. इथवर तंबाखू संपवू पाहणाऱ्या राज्यकर्त्याला शोभेल असंच सगळं आहे.

पण चोरटा माल वाढला, आणि चारच वर्षांत कर पुष्कळ खाली आला. कर गोळा करणं इजाऱ्याने, म्हणजे ठरावीक रकमेवर ठेकेदाराला, दिलं जाऊ लागलं. राजाला नेहमी पैशांची चणचण आणि पार्लमेंटशी सतत भांडण. पार्लमेंटपुढे हात न पसरता मिळणारं उत्पन्न त्याला सोन्यासारखं होतं. 'या वस्तूमुळे माणसं मरतात' हा प्रश्न मागे पडून 'या वस्तूतून किती येतं' हा प्रश्न पुढे आला, तो याच काही वर्षांत.

त्यात व्हर्जिनियाची भर पडली. याच जेम्सने १६०६ मध्ये सनद दिलेल्या कंपनीची ही वसाहत उपासमारीने मरायला टेकली होती. सोनं सापडलं नाही, रेशीम जमलं नाही. १६१२ च्या सुमारास जॉन रॉल्फने वेस्ट इंडीजकडून मिळवलेलं गोड जातीचं बी लावलं आणि त्या पानाला लंडनमध्ये गिऱ्हाईक मिळालं. १६१७ मध्ये सुमारे २०,००० रतल माल गेला. १६४० च्या आसपास लंडनला वर्षाकाठी दहा लाख रतलांच्या वर येऊ लागला. लोकांनी जेम्सटाऊनच्या बाजारपेठेत आणि रस्त्यांतही तंबाखू लावली होती. माणशी दोन एकर धान्य लावल्याशिवाय तंबाखू लावायची नाही, असा हुकूम १६१६ मध्ये काढावा लागला, नाहीतर खायलाच काही उरलं नसतं. तंबाखू तीन-चार वर्षांत जमिनीचा कस ओढून घेते, मग नवी जमीन लागते. ती जमीन पौहॅटन या तिथल्या मूळ रहिवाशांची होती. १६२२ मध्ये त्यांनी वसाहतीवर हल्ला केला, त्या रक्तपातामागे ही जमिनीची भूक होती. आणि कष्टाला हात लागतात. १६१९ च्या ऑगस्टमध्ये वीसेक आफ्रिकी माणसं एका जहाजातून तिथे उतरवली गेली आणि अन्नसामग्रीच्या बदल्यात दिली गेली. पत्रातून ती हकीकत लंडनला कळवणारा माणूस होता तोच जॉन रॉल्फ, तंबाखूचं बी लावणारा.

त्याच १६१९ च्या डिसेंबरमध्ये जेम्सने इंग्लंडमध्ये तंबाखू पिकवायला बंदी घातली. पंधरा वर्षांपूर्वी तंबाखू घातक म्हणून लिहिणारा राजा आता व्हर्जिनियाची तंबाखू जकातीसह विकली जावी म्हणून घरचं पीक उपटायला लावत होता. जाहीरनाम्यात तंबाखूची निंदा होतीच. ती शेवटपर्यंत राहिली. १६२४ मध्ये कंपनी मोडून वसाहत राजाच्या थेट ताब्यात आली. त्याचा मुलगा चार्ल्स याने पुढे तक्रार केली की ही वसाहत सगळीच्या सगळी धुरावर उभी आहे. पण त्या धुरावरची जकात त्याने सोडली नाही. विंचकम्बच्या शेतात घुसलेले घोडेस्वार त्याच्या मुलाच्या, दुसऱ्या चार्ल्सच्या काळातले.

इंग्लंडचंच उदाहरण मी लांबवलं, कारण तिथे एकाच माणसात दोन्ही टोकं दिसतात. इतरत्रही घडलं तेच. स्पेनने १६१४ मध्ये आपल्या वसाहतींतली बाहेर जाणारी तंबाखू सेव्हिललाच आली पाहिजे असं ठरवलं, आणि १६३६ मध्ये विक्रीचा सरकारी मक्ता सुरू केला. फ्रान्समध्ये रिशल्यू या मंत्र्याने १६२९ मध्ये कर बसवला, पुढे कोल्बेर या मंत्र्याने १६७४ मध्ये मक्ता केला. क्रांतीने तो मोडला आणि नेपोलियनने पुन्हा आणला. सेव्हिलच्या चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी पाद्री तपकीर ओढतात, पिचकाऱ्या टाकतात, म्हणून आठव्या अर्बन या पोपने १६४२ मध्ये बहिष्काराची धमकी दिली. १७२५ मध्ये तेराव्या बेनेडिक्टने ती मागे घेतली, आणि १८६० च्या दशकात नवव्या पायसने खुद्द रोममध्ये ट्रास्टेव्हेरे भागात तंबाखूचा भव्य कारखाना उभारला. रशियात १६४९ च्या संहितेत तंबाखूसाठी चाबकाचे फटके आणि नाकपुड्या चिरण्याची शिक्षा होती. १६९८ मध्ये लंडनला गेलेल्या पीटर झारने इंग्रजांकडून आगाऊ रक्कम घेऊन रशियात तंबाखू विकायचा मक्ता देऊन टाकला. इस्तंबूलच्या चौथ्या मुराद सुलतानाने १६३३ मध्ये ओढणाऱ्याला देहदंड लावला. त्याच्यानंतर बंदी फार काळ टिकली नाही.

या यादीवरून लोक एक निष्कर्ष फार सहज काढतात: बंदी कधी यशस्वी होत नाही, तेव्हा प्रयत्नच सोडा. मला तो पटत नाही. या बंद्या क्रूर होत्या आणि त्या जायलाच हव्या होत्या. पण त्यांची जागा लोकांच्या आरोग्याचा विचार करणाऱ्या कुठल्या धोरणाने घेतली नाही, ती मक्त्याने घेतली. व्यसन आवरण्याचे इतर मार्ग, म्हणजे चढता कर, खरी माहिती, मुलांपासून माल दूर ठेवणं, यांची कसोटी त्या शतकांत लागलीच नाही. ज्याच्या हाती कायदा होता, तोच दुकानदार झाला होता. कुंपणानेच शेत खाल्लं.

आपल्याकडे हे पान युरोपातूनच आलं. त्या प्रवासातला एक प्रसंग इथे सांगायलाच हवा. अकबराचा सरदार असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारी वकील म्हणून गेला होता. १६०४ च्या सुमारास परतताना त्याने तिथे मिळालेली तंबाखू आणि एक मढवलेली सुंदर नळी बादशहासाठी नेली. विजापूरच्या बाजारात हा माल शेजारच्या पोर्तुगीजांमुळे पोचला होता. अकबराने दोन-तीन झुरके घेतले. हकीम अस्वस्थ झाला. आपल्या ग्रंथांत याचा उल्लेख नाही, याची परीक्षा झालेली नाही, असं तो म्हणाला. असद बेगचं उत्तर त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे: फिरंग्यांतही शहाणे लोक आहेत, ते क्वचितच चुकतात, त्यांनी पारखल्याशिवाय हे घेतलं असेल का? लिस्बन-सेव्हिलच्या वैद्यांची चूक अशी 'पारखलेलं ज्ञान' म्हणून आग्र्याला पोचली. अकबराने सवय लावून घेतली नाही. पण सरदार मागू लागले आणि व्यापारी विकू लागले, असं असद बेगच सांगतो. १६१७ मध्ये जहांगीरने बंदीचा हुकूम काढला. त्याने काही थांबलं नाही.

गोव्यात तर युरोपचा साचा जसाच्या तसा आला. ब्राझीलमधल्या बाहियाची तंबाखू लिस्बनवरून गोव्यात उतरायची आणि तिच्या विक्रीचा मक्ता राजसत्तेकडेच असायचा. आपण तंबाखू हा शब्द पोर्तुगीजांकडून घेतला, पान घेतलं, आणि त्यावर खजिना भरायची रीतही त्यांच्याबरोबर या किनाऱ्यावर आली.

आजचं काय? जपानमध्ये तंबाखू कंपनीचे किमान एक तृतीयांश समभाग सरकारकडे असले पाहिजेत, असा कायदाच आहे. चीनमध्ये जगातली सर्वांत मोठी तंबाखू कंपनी सरकारच्या मालकीची आहे. आपल्याकडे एकीकडे आरोग्य मंत्रालय पाकिटावर कर्करोगाची चित्रं छापायला लावतं. दुसरीकडे १९७५ च्या कायद्याने स्थापन झालेलं, गुंटूरला मुख्यालय असलेलं टोबॅको बोर्ड वाणिज्य मंत्रालयाच्या छत्राखाली तंबाखूची निर्यात वाढवायला झटतं. आयटीसी या देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीत सरकारी मालकीच्या आयुर्विमा महामंडळाचा मोठा हिस्सा आहे. लोकांच्या आयुष्याचा विमा उतरवणारी संस्था सिगारेटच्या नफ्यात भागीदार आहे, हे वाक्य मी अनेकदा मनात म्हणून पाहिलं, आणि ते मला कधीही सहन करण्यासारखं वाटलं नाही. तंबाखू नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने २००४ मध्ये शिक्कामोर्तब केलं आहे. धोरण ठरवताना तंबाखू उद्योगाचे हितसंबंध दूर ठेवावेत, असं त्याचं कलम ५.३ सांगतं. तो उद्योग सरकारच्याच खिशात असेल तर दूर ठेवायचं कोणाला?

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, गोव्यात ९.७ टक्के. शेजारच्या दोन राज्यांत एवढा फरक असू शकतो, तर आपल्याकडची तंबाखू ही काही नशिबात लिहिलेली गोष्ट नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि दरवर्षी तिचा आदेश नव्याने निघतो. टपरीवर काय लटकलेलं असतं ते प्रत्येकाला दिसतं.

कर वाढवा, असं म्हटलं की दोन्ही बाजूंचे लोक खूश होतात, म्हणूनच इथे नेमकं बोललं पाहिजे. किंमत वाढली की वापर घटतो, विशेषतः तरुणांत आणि गरिबांत, हे जगभर दिसून आलं आहे. मी चढ्या कराच्या बाजूचा आहे, आणि त्यातून विडीला सवलत मिळू नये, असंही माझं मत आहे. पण कर दोन तऱ्हेचा असतो. एक कर स्वतःचं उत्पन्न आटावं म्हणून लावलेला. दुसरा, गिऱ्हाईक जिवंत राहावं आणि देत राहावं इतक्याच बेताने लावलेला. जेम्सचा पहिला कर पहिल्या तऱ्हेचा होता आणि चार वर्षांत दुसऱ्या तऱ्हेचा झाला. आपला कर कोणत्या तऱ्हेचा आहे, हे ओळखायला सोपी खूण आहे. वर्षअखेरीला सरकार किती रुपये जमले ते सांगतं, की किती माणसांनी सोडली ते सांगतं? आपल्याकडे रुपयांचा हिशेब दर महिन्याला होतो. माणसं मोजणारी ती मोठी पाहणी २००९-१० मध्ये झाली, नंतर थेट २०१६-१७ मध्ये.

ओढणं-खाणं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, असं म्हणणाऱ्यांशी माझा वाद थोडक्यात संपतो. हिस्पॅनिओलाच्या त्या माणसांनीच सांगून ठेवलंय की तो त्यांच्या हातातला प्रश्न उरला नव्हता.

पोटापाण्याचा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला उत्तर देणं बंधनकारक आहे. निपाणीच्या पट्ट्यात तंबाखू हे पिढ्यान्‌पिढ्यांचं नगदी पीक आहे. १९८१ मध्ये याच शेतकऱ्यांनी भावासाठी रस्ता अडवला होता आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सोलापूर, सिन्नर, निपाणी इथल्या हजारो बायकांची चूल सुपातल्या विड्यांवर पेटते. दिवसभर मान खाली घालून वळायच्या, आणि तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते ती वेगळीच. उद्या तंबाखू संपवायची म्हटली तर सरकार यांच्याकडेच बोट दाखवतं: यांचं काय करायचं? हा प्रश्न विचारण्याचा अधिकार सरकारला तेव्हाच आहे, जेव्हा त्याने उत्तरासाठी पैसे बाजूला काढलेले असतील. विंचकम्बच्या शेतकऱ्यांना सैन्य मिळालं होतं; तसलं काही मला इथे नको आहे.

म्हणून मागण्या ठोस आहेत. सरकारी विमा कंपन्यांनी सिगारेट कंपनीतले समभाग ठरावीक मुदतीत विकून बाहेर पडावं. टोबॅको बोर्डाचं काम निर्यात वाढवण्याऐवजी लागवड टप्प्याटप्प्याने दुसऱ्या पिकांकडे नेण्याचं असावं, आणि ते वाणिज्य मंत्रालयाकडून काढून घ्यावं. सोडणाऱ्यांची पाहणी दरवर्षी व्हावी आणि तिचा आकडा तंबाखूच्या वसुलीशेजारी अर्थसंकल्पात छापला जावा. वसुलीतला ठरलेला वाटा सामान्य खजिन्यात न मिसळता वेगळा ठेवावा. निपाणीच्या शेतकऱ्याला दुसरं पीक बसेपर्यंतची पहिली तीन वर्षं आणि सिन्नरच्या विडी कामगार बाईला दुसरं काम शिकेपर्यंतची मजुरी त्यातून मिळावी. आजवर खजिन्यात गेलेला पैसा त्यांनीच पिकवलेल्या आणि वळलेल्या पानातून आलेला आहे.